डावऱ्या हाताचा रंधा

मी एक जुना रंधा आहे आणि जुना असल्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्यासारख्यांनी आपली गोष्ट सुरू केली की तुमचे चेहरे उगाच पडतात. एखादी मोडकी छत्री नाहीतर फुटकी पाटी तुमच्यापुढे येऊन रडते, तुम्ही 'अरेरे' म्हणता आणि खेळायला निघून जाता. माझ्याकडून तसलं काही मिळणार नाही. मला दया नको. एखादी खडबडीत फळी आणून द्या, मग बोलू.

ज्यांनी रंधा पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हातभर लांब लाकडी ठोकळा, त्याच्या पोटाला एक फट, फटीतून किंचित बाहेर डोकावणारं पोलादी पातं आणि ते हलू नये म्हणून ठोकलेली पाचर. करवतीने कापलेली फळी खरखरीत असते. तिच्यावरून मला ढकलत नेलं की पातळ, कुरळी ढलपी सुटते आणि खाली गुळगुळीत लाकूड उरतं. काम एवढंच आहे, पण ते माझ्याशिवाय होत नाही. करवतीला विचारा. ती नाक मुरडेल, पण नाही म्हणणार नाही.

मला घडवलं एका डावऱ्या सुताराने. आयुष्यभर उजव्या हाताच्या लोकांची हत्यारं उलटी धरून तो वैतागला होता. शेवटी एका दाराच्या चौकटीतून उरलेला जड, काळसर तुकडा त्याने उचलला आणि स्वतःच्या हाताच्या मापाने मला कोरलं. ट्रकच्या जुन्या स्प्रिंगमधली पट्टी लोहाराकडे नेऊन पातं करून घेतलं. माझ्या पाठीवर अंगठ्यासाठी एक खळगा आहे, तो डाव्या अंगठ्याचा आहे. उजव्या हाताने मला धरलं की माझी कड तळहाताला टोचते. मी ते मुद्दाम करत नाही. पण करता आलं असतं, तर केलं असतं.

सुताराचा एक नियम होता. रंधा पात्यावर उभा ठेवायचा नाही, कुशीवर निजवायचा. उभा ठेवला की पात्याची धार खालच्या लाकडावर घासते, ओल धरते आणि बोथट होते. त्याला जेवायला हाक आली, वरून पत्रा गळायला लागला, कोणी भांडायला दारात आलं, तरी तो आधी मला कुशीवर ठेवायचा आणि मग पुढचं बघायचा. मला हा मान वाटायचा. अजूनही वाटतो.

कितीतरी दारं, खिडक्या, कपाटं आणि शाळेतले बाक मी गुळगुळीत केले. लोक दारावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "काय पॉलिश आहे!" राबलो मी आणि मिरवलं पॉलिशने. तेव्हा मी फार चिडायचो. आता ते पॉलिश उडालंय आणि दार अजून सरळ आहे, त्यामुळे माझा राग बराच निवळला आहे.

पुढे सुताराचा हात थरथरू लागला. त्याने आपल्या भाचीला बोलावून घेतलं. तीही डावरी. सगळ्या घराने लहानपणी तिच्या डाव्या हातावर चापट्या मारल्या, पण मामाने मात्र तिचं नावच लाडाने 'डावरी' ठेवलं. ती तेव्हा शहराच्या पाणीपुरवठ्यात नुकतीच इंजिनिअर म्हणून लागली होती. नव्या चपला, नवी पर्स, आणि मामाने तिच्या हातात ठेवलं माझं धूड.

"मामा, मी याचं काय करू?" ती म्हणाली.

"रंधा मार. रोज थोडा वेळ. इंजिनिअर झालीस, आता नुसत्या सह्या करत बसशील. एक तरी काम स्वतःच्या हाताने करावं माणसाने."

अशा रीतीने मी तिच्या घरी आलो. तिसऱ्या मजल्यावरचं घर, मागच्या बाजूला लांबट बाल्कनी, तिथे एक जुनं दार दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकून केलेलं कामाचं टेबल. संध्याकाळी कामावरून आली की चहा प्यायची, केस वर बांधायची आणि बाल्कनीत यायची. तिने फार सुंदर वस्तू केल्या असं मी म्हणणार नाही, मला खोटं बोलता येत नाही. स्वयंपाकघरातली फळी एका बाजूला कलली होती. मसाल्याच्या डब्यांची मांडणी भिंतीला टेकवल्याशिवाय उभी राहायची नाही. पण काम करताना ती शीळ घालायची. अर्धा तास झाला की ढलप्या झाडायची, मला कुशीवर ठेवायची आणि आत जाताना वेगळीच बाई असायची.

त्या घरात आणखी दोघं होते. नवरा शाळेत खेळाचा मास्तर, गळ्यात कायम शिट्टी. आणि सासरे, ज्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा निवृत्त पोस्टमन. नोकरी सुटली तरी पाय सुटले नव्हते. रोज संध्याकाळी ते आपल्या जुन्या वाटेवरून फिरून यायचे. त्यासाठी बाल्कनीच्या दाराशी एक बादली पालथी घालून तिच्यावर बसायचे आणि बुटांच्या नाड्या बांधायचे. सुनेचं रंधा मारणं आणि सासऱ्यांचं बूट घालणं एकाच वेळी चालायचं, आणि दोघांच्या गप्पा व्हायच्या. एकदा उठताना अण्णांचा गुडघा इतका मोठ्याने वाजला, की डावरीने मला थांबवलं.

"अण्णा, तुमच्यासाठी बाक करते. बूट घालायला."

"बादली काय वाईट आहे?"

"बादली वाईट नाही, गुडघा वाईट आहे. बसा बघू सरळ."

तिने त्यांच्या गुडघ्याचं माप घेतलं. चार पाय कापले, बसायची फळी कापली. फळी निम्मी गुळगुळीत झाली होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला.

मित्रांनो, तो फोन मला आजही आठवतो. शहराला दूरच्या तलावातून पाणी आणायचं ठरलं होतं आणि मोठ्या नळाच्या एका टप्प्याची जबाबदारी डावरीवर आली होती. ती फोनवर बोलत बोलत आत गेली. जाताना मला टेबलावर ठेवलं. पात्यावर, उभं. असं आजवर कधीच झालं नव्हतं. मला वाटलं, आत्ता येईल आणि आडवं करेल.

ती आली नाही. त्या दिवशी नाही, त्या महिन्यात नाही, आणि नंतरचे कितीतरी महिने नाही. सकाळी हेल्मेट घेऊन निघायची आणि आम्ही सगळे झोपल्यावर यायची. जेवण उभ्याने, चहा उभ्याने. मास्तर काही सांगायला लागला की ती "हं, हं" म्हणायची आणि तिचा अंगठा फोनवर चालूच असायचा. तोच अंगठा, जो माझ्या खळग्यात बसायचा. माझं टेबल म्हणजे घरातली अडगळ झाली. मास्तरने तिथे शटलकॉकचे डबे ठेवायला मला सरकवलं, तेव्हा टेबलातल्या एका स्क्रूवर माझं पातं खरकन घासलं आणि त्याला खांडा पडला. पुढे माझ्या पाठीवर त्याचे मोजेही वाळू लागले. एका खेळाच्या मास्तराच्या मोज्यांखाली मी दिवस काढले आहेत, तेव्हा मला कष्ट म्हणजे काय ते शिकवायला येऊ नका.

गंज चढला, ते मी नाकारत नाही. पण मी हताश झालो नाही, कारण माझ्याइतकाच हट्टी एक माणूस तिथे रोज येऊन बादलीवर बसत होता. मास्तरने एकदा बापासाठी लाल रंगाचं प्लास्टिकचं स्टूल आणलं. अण्णांनी त्याच्यावर तुळशीची एक कुंडी ठेवली आणि पुन्हा बादलीवर जाऊन बसले.

"अण्णा, स्टूल तुमच्यासाठी आणलंय."

"मला बाक मिळणार आहे."

"तिला श्वास घ्यायला वेळ नाही, बाक कुठून करणार ती?"

"मी जन्मभर टपाल वाटलंय," अण्णा नाडी ओढत म्हणाले. "उशिरा येतं. पण पत्ता बरोबर असेल तर येतं."

शेवटी नळाचं काम संपलं. शहरात पाणी आलं. डावरीचा सत्कार झाला, गळ्यात हार घातलेला तिचा फोटो आला आणि तिला लांबलचक रजा मिळाली. मला वाटलं, आता केस वर बांधून ती बाल्कनीत येणार. मी नुसता ताठ होऊन वाट बघत होतो, म्हणजे तसा मी नेहमीच ताठ असतो.

पण मित्रांनो, काम संपलं तरी कामाची धाव संपत नाही, हे मी तेव्हा पाहिलं. सकाळी ती दचकून उठायची आणि फोन चाचपायची. फोनवर काही नसलं की जास्त घाबरायची. चहा अजूनही ओट्याशी उभ्याने प्यायची. तिसऱ्या दिवशी तिने एक मोठा तक्ता करून फ्रिजवर लावला. फिरणं, नाश्ता, वाचन, कुटुंबाशी गप्पा, आणि एका हिरव्या चौकोनात 'छंद'. प्रत्येकाला वेळ ठरलेली.

मास्तर तक्त्यापुढे कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. "गप्पांना अर्धाच तास? आणि सुरू करताना मी शिट्टी वाजवायची का?"

"थट्टा करू नकोस. सगळं सुटलंय माझं. रुळावर आणायला नको का?"

"माझं आपलं म्हणणं, मला चौकोनात कोंबू नकोस."

हिरवा चौकोन आला आणि डावरी बाल्कनीत आली. केस मोकळे, मनगटावर घड्याळ. तिने मोजे फेकले, डबे खाली ठेवले, मला उचललं. पातं बघितलं नाही. धार लावली नाही. फळीवरून हात फिरवून लाकडाच्या रेषा कुठल्या बाजूला जातात तेही पाहिलं नाही. आज बाक पुरा करायचाच, असं म्हणून तिने मला फळीवर टेकवलं आणि जोर लावला. तोही नेमका उलट्या बाजूने. मांजराच्या अंगावरून उलटा हात फिरवला की मांजर काय करतं? लाकूडही तेच करतं. ढलपी निघालीच नाही. फळी उचकटली आणि तिच्यात हे एवढं भगदाड पडलं. तिने आणखी जोर लावला. मी अडलो. तिने पाचरीवर हातोडी मारली. मी तसूभर हललो नाही.

मी बोथट होतो म्हणून अडलो असं तुम्ही म्हणाल. म्हणा. माझं म्हणणं वेगळं आहे. जिला मी ओळखत होतो, ती मला कधी असं वागवत नसे. ही जी कोणी घड्याळ लावून आली होती, तिच्यासाठी काम करायला मी तयार नव्हतो.

ती मला टेबलावर टाकून हात झटकत आत गेली. "हा रंधा गेला कामातून," ती म्हणाली. "अण्णा, उद्या आपण दुकानातून छान बाक आणू."

अण्णा बादलीवर होते. एक बूट पायात, दुसरा हातात. त्यांनी पायातला बूट काढला, दोन्ही बूट शेजारी शेजारी ठेवले आणि आपल्या खोलीत जाऊन बसले. त्या संध्याकाळी ते फिरायला गेले नाहीत. दुसऱ्या संध्याकाळीही गेले नाहीत. पाऊस असो, ताप असो, त्यांची फेरी कधी चुकली नव्हती. मास्तर घाबरून विचारायला गेला.

"बरं वाटत नाहीये का अण्णा?"

"मला काय धाड भरलीये?"

"मग जात का नाही?"

"नळाला पाणी आलं," अण्णा म्हणाले, "पण सून अजून घरी आली नाही. ती येऊ दे, मग जाईन."

डावरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ते ऐकलं. मास्तरने तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. ती फ्रिजकडे गेली आणि नुसती तो तक्ता बघत राहिली.

आता माझ्यावर जे आलं ते ऐका. रविवारी नणंद आली. ती लोकांची घरं सजवून देते. बाल्कनीत मला बघून ती हरखलीच. "अगं वहिनी, अशा वस्तूंना काय मागणी आहे माहितीये? वॉर्निश मारू आणि हॉलच्या भिंतीवर लावू. वर छोटा दिवा. झकास दिसेल." डावरी काही बोलली नाही. नणंदेने ते 'हो' समजून लगेच पाचर ठोकून काढली. पोरंबाळं येतात, लागायला नको म्हणून माझं पातं उपसून बाजूला ठेवलं. मग ड्रिल आणायला हॉलमध्ये गेली.

मोजे मी सोसले, गंज सोसला. पण पोटातलं पातं काढून, दिव्याखाली भिंतीवर टांगून घेणं मी सोसणार नव्हतो. खिळ्यावरून रोज खाली पडायचं, आणि पडलो तर कोणाच्या तरी पायावर, असं मी ठरवून टाकलं होतं.

"वहिनी, तो रंधा दे गं इकडे," हॉलमधून हाक आली.

डावरीने मला द्यायला म्हणून उचललं. आणि तिचा अंगठा आपोआप खळग्यात गेला. तो खळगा आधी तिच्या मामाच्या अंगठ्याने झिजला होता, नंतर तिच्या. ती थांबली. तिने टेबलावरचं पातं घेतलं आणि उजेडात धरलं. धार पांढरी पडली होती, एका कोपऱ्यात खांडा, बाकी गंज.

"हे असं कसं झालं? हा पात्यावर उभा कोणी ठेवला होता?"

अण्णा आपल्या खोलीच्या दारात येऊन उभे होते. "तूच. फोनवर बोलत आत गेलीस ना, तेव्हा."

"आणि तुम्ही आडवा नाही केलात?"

"माझं काम नाही ते. तुझं आहे."

ती खाली बसली. मित्रांनो, इतक्या महिन्यांत मी तिला पहिल्यांदा बसलेलं पाहिलं. बाल्कनीच्या फरशीवर, मांडी घालून. मग तिने तोंडावर दोन्ही हात घेतले आणि रडली. कोणी तिला उठवायला गेलं नाही. अण्णांनी तर तिच्याकडे पाठ केली आणि उगाचच कुंडीतली वाळकी पानं खुडू लागले.

डोळे पुसून तिने धारेचा दगड शोधला. दगड ओला करायला वाटीभर पाणी हवं होतं. बाल्कनीतला नळ तिने उघडला आणि पाणी धो धो आलं, वाटी भरून वाहून गेली. ती बघतच राहिली. हेच ते पाणी, जे आणायला ती एवढी धावली होती. साऱ्या शहराचं ते पिऊन झालं होतं, आणि तिने मात्र उघड्या नळाखाली अजून हातही धरला नव्हता. ती ओंजळभर प्यायली. मग दगडावर पाणी शिंपडलं आणि पातं घासायला बसली.

नणंद ड्रिल घेऊन आली. "अगं, भोक पाडलं मी भिंतीला. आता तिथे काय लावू?"

"अण्णांची छत्री लाव," डावरी म्हणाली.

धार त्या दिवशी लागली नाही. खांडा खोल होता. ती दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा बसली आणि तिसऱ्याही. मास्तरने तक्ता हातात घेऊन विचारलं, "हिरव्या चौकोनाची वेळ संपली. शिट्टी वाजवू?" तिने तो तक्ता घेतला, घडी केली आणि दगड हलू नये म्हणून त्याच्याखाली सरकवला. पातं लखलखलं तेव्हा तिने ते माझ्या फटीत बसवलं, पाचर ठोकली आणि केस वर बांधले. फळीवरून तळहात फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. फळी फिरवून घेतली. आणि मग मला टेकवलं.

ढलपी सुटली ती फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड. मी जी सळसळ केली ती साऱ्या घराने ऐकली असेल. भगदाड पूर्ण गेलं नाही, थोडा खोलगटपणा राहिला. राहू दे. आणि बाक काही एका दिवसात झाला नाही. ती रोज अर्धा तास येत होती, कधी त्याहून कमी. शीळ मात्र परत यायला फारच वेळ लागला. शेवटचा पाय बसवला त्या दिवशी आली.

बाक दाराशी ठेवला. अण्णा बूट घेऊन आले, बसले, दोन्ही नाड्या बांधल्या आणि गुडघा न वाजवता उठले. मग बाक एका हाताने हलवून पाहिला.

"एक पाय बोलतोय."

"बोलू दे," डावरी म्हणाली. "तुम्हाला सोबत."

ते फिरायला गेले. बादली आता फरशी पुसायच्या कामाला लागली आहे, जे तिचं मूळ काम होतं.

तर मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी 'आम्हाला जपा' असं सांगायची रीत आहे. मी उलटं सांगतो. मला जपू नका. कपाटात ठेवू नका, वॉर्निश लावू नका, माझ्यावर निबंध लिहून मला विसरू नका. मला वापरा, झिजवा, माझं पातं घासून घासून संपवा. आणि तुमचं मोठं काम संपलं की उरलेल्या वेळात नव्हे, ते चालू असतानाच या. अर्ध्या तासामुळे कोणताही नळ अजून अडलेला नाही.

परवाचीच गोष्ट. डावरी नवी फळी घेऊन रंधा मारत होती. अण्णा बाकावर बसून नाड्या बांधत होते. आत फोन वाजला. नळाचा पुढचा टप्पा येणार आहे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. अण्णांचे हात थांबले. माझी ढलपी फळीच्या मध्यावर आली होती.

फोन वाजतच राहिला. तिने ढलपी टोकापर्यंत नेली, बोटाने झाडली. मला कुशीवर ठेवलं. आणि मग ती फोन घ्यायला गेली.